बेटासमोरचा भोंगा

“हळद पुसू नका ताई, दसऱ्यापर्यंत राहू द्या,” गडदेमामा म्हणाले आणि माझा हात फडक्यासकट हवेतच राहिला.

टेबलाखाली सर्व्हर होता. सर्व्हर म्हणजे कपाटाच्या खणाएवढा एक काळा डबा. त्याच्या कपाळावर हळदीकुंकवाची पाच बोटं ओढलेली, डोक्यावर झेंडूची माळ, पुढ्यात विड्याचं पान आणि खोबऱ्याचे तुकडे. उदबत्तीची राख उडून पंख्याच्या जाळीत बसलेली. हिवरदरा धरणावर मला बोलावलं होतं ते या डब्याला काय झालंय ते बघायला. आणि हा तर नवऱ्या मुलासारखा नटून बसला होता.

“मामा, पूजा केलीत ते ठीक. पण बंद कशाला केला?”

“बंद न करता कसं?” त्यांना माझा प्रश्नच कळेना. “आज खंडेनवमी. हत्याराला हळदकुंकू लावलं की त्याला इसावा द्यावा लागतो. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवतो का आपण?”

“मग इतकी वर्षं काय करत होता?”

“इतकी वर्षं निस्ती गेटाच्या मोटरीची पूजा व्हायची. औंदा म्हणलं, ह्या बिचाऱ्यानं काय घोडं मारलं? रातंदिस जागा ऱ्हातो, गावं राखतो. त्याला एक नारळ नको?”

गडदेमामा धरणावरचे गेट ऑपरेटर. पन्नाशी उलटलेली, डोक्याला पिवळसर फेटा, बोलणं धनगरी आणि सावकाश. नोकरी लागायच्या आधी मेंढरं राखायचे. यंत्राशीही ते जनावराशी बोलावं तसंच वागत. माझा स्वभाव नेमका उलटा, आग्या वेताळ. कंपनीत मला कुणी बाहेरगावच्या कामावर सोबत घेत नसे, म्हणून मी एकटीच फिरायची. पण या माणसावर मला चिडता येत नव्हतं.

धरणाखाली नदीकाठाला जागोजाग खांब रोवून त्यांवर भोंगे बसवलेले होते. पाणी सोडायचं झालं की इथे बटण दाबायचं, सर्व्हरने डोंगरावरच्या आमच्या रेडिओ टॉवरवरून हुकूम धाडायचा आणि सगळीकडे भोंगे वाजायचे. भोंगा ऐकला की पात्रात जो कुणी असेल त्याने वर यायचं. भिंतीवर एक बोर्ड होता, त्यावर प्रत्येक भोंग्याचा एक दिवा. हिरवा असला तर भोंग्याची पेटी हुकूम घेतेय, लाल असला तर नाही. पहाटे पूजेनंतर सर्व्हर पुन्हा चालू केला तेव्हापासून सगळे दिवे लाल होते.

“कुलथे मॅडम, किती वेळ लागेल?” दारातून डोईफोडे साहेबांनी विचारलं. ते शाखा अभियंता. गालात कायम लवंग, आणि कायम कुणाच्या तरी रागावण्याची वाट बघत असल्यासारखा चेहरा.

“बघते. पण दुरुस्त झालं की नाही हे कळायला भोंगा वाजवून बघावा लागेल.”

“मग आधी कळवायला हवं,” साहेब लगेच म्हणाले. “गडदे, फोन लावा सगळीकडे. गेल्या वर्षीची भानगड पुन्हा नको.”

गेल्या वर्षीची भानगड मलाही ठाऊक होती. कुणालाही न सांगता भोंगा तपासला, सगळं गाव धरण फुटलं म्हणून पळत सुटलं आणि त्या धावपळीत एक म्हातारी पायऱ्यांवरून पडून गेली. साहेबांना नोटीस आली होती. तेव्हापासून धरणावर नियमच झाला होता, दुरुस्तीचा भोंगा वाजवायचा तर आधी सगळ्यांना सांगून ठेवायचं.

खोलीत मोबाइलला रेंज नव्हती. मामा धरणाच्या भिंतीवर गेले. खिडकीतून मला ते दिसत होते, एक कान बोटाने दाबून, ओरडून बोलत होते. परत आले तेव्हा चेहरा खुललेला होता.

“सगळ्यांना सांगितलं. धाकट्यालाबी बोललो. त्यो बेटावर हाय मेंढरं घेऊन.”

“कुठलं बेट?”

“कुरणवाडीच्या अलीकडं. नदी दोन्ही अंगांनी जाती, मदी जिमीन. गवत असं की मेंढरू दिसत न्हाई त्यात. सिदू नाव त्याचं. आई गेली तवा रांगत व्हता, मीच वाढवला. भाऊ कसला, ल्योकच हाय माझा. उद्या सोनं द्यायला यीन म्हणला हितं.”

मी मान डोलावली आणि लॅपटॉप उघडला. त्या वेळी मला एवढंच कळलं होतं की मामांना एक धाकटा भाऊ आहे.

आधी सोप्या गोष्टी बघायच्या असतात. केबल, वीज, दिवे. नेटवर्कच्या केबलच्या तोंडात कुंकू गेलेलं. मला वाटलं हेच, आणि मी मनातल्या मनात कंपनीत सांगायच्या विनोदाची जुळवाजुळवही करून ठेवली. ब्रशने साफ केलं, केबल पुन्हा लावली. दिवे लालच.

मग एकेका भोंग्याच्या पेटीला सर्व्हरवरून हाक मारून बघितली. सगळ्या पेट्या ओ देत होत्या. म्हणजे टॉवर ठीक, रस्ता मोकळा, घरात माणूस जागा. पण बटण दाबलं की पडद्यावर एकच ओळ, कनेक्शन नाकारलं. आणि नाकारत होता तो आपलाच सर्व्हर. बटणाचा निरोप घेऊन पुढे देणारंच आत कुणी नव्हतं.

एवढ्यात कोपऱ्यातला वायरलेस खरखरला. डोईफोडे साहेब पळत आले. वरच्या धरणावरून निरोप होता. घाटात ढगफुटी झाली होती, त्यांनी दारं उघडली होती, आणि ते सगळं पाणी आमच्याकडे निघालं होतं.

साहेबांनी लवंग थुंकली. “आपण काठोकाठ आहोत,” ते म्हणाले. “घेणार कुठे?”

ते आणि मामा भिंतीवर पाणी बघायला गेले. परत आले तेव्हा दोघांचे चेहरे बदलले होते.

“दारं उघडावी लागतील,” साहेब मला म्हणाले. “हे मातीचं धरण आहे मॅडम. पाणी भिंतीवरून गेलं की भिंत राहत नाही, आणि मग खालची गावंही राहत नाहीत. गडदे, पात्रात कोण आहे?”

“काठावरची समदी उंचावर हाईत, साहेब. पात्रात…” मामा थांबले. “पात्रात निस्ता आमचा सिदू अन् त्याची बायको.”

“मग लावा त्यांना फोन.”

मामा भिंतीवर धावले. तसेच परत आले. मोबाइलचा टॉवर मेला होता. डोंगरापलीकडे विजा पडत होत्या, वीज गेली होती, कुणाच्याच फोनला रेंज नव्हती; आमची यंत्रं आणि भोंगे तेवढे बॅटरीवर तगून होते. साहेबांनी वायरलेसवरून तालुक्याला निरोप दिला. तिकडून सांगितलं, पोलीस निघतील, पण मधल्या ओढ्याला पाणी आहे, वेळ लागेल.

“मी जाते मामांच्या मोटरसायकलवर,” मी म्हणाले.

“तुम्ही गेलात तर भोंगा कोण वाजवणार?”

“मग मामांना पाठवा.”

“वॉचमन दसऱ्याला गावी गेलाय. गेटांवर गडदेंशिवाय माणूस नाही.” साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, “भोंगा चालू करा मॅडम. बाकी काही नको. भोंगा वाजला की मी शक्य तेवढं थांबेन आणि मगच दारं उघडेन.”

मी खाली जमिनीवर मांडी घालून बसले. मामा माझ्या मागे उभे राहिले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

सर्व्हरवर चालू असलेल्या सेवांची यादी मी वरपासून खालपर्यंत वाचली. भोंग्याची सेवा त्यात नव्हतीच. बंद नाही, बिघडलेली नाही, मुळात यादीतच नाही. असं कसं? काल संध्याकाळपर्यंत तर ती चालत होती. मी डिस्क धुंडाळायला घेतली, आणि ज्या माणसाने हे सगळं बसवलं होतं त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये ती सापडली. त्याने ती त्या दिवशी हाताने सुरू करून दिली होती आणि सर्व्हरला कधी सांगितलंच नव्हतं की तू उठशील तेव्हा हिलाही उठव. सर्व्हर तेव्हापासून कधी झोपलाच नव्हता, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. आज पहिल्यांदा त्याला विसावा मिळाला होता.

त्या माणसाला मी मोठ्याने एक शिवी दिली. मामा दचकले.

“तुम्हाला नाही, मामा. सापडलं.”

मी ती सेवा सुरू केली. चालली. बोर्डाकडे बघितलं. दिवे लाल.

“ताई?”

“थांबा.”

आता बटणाचा निरोप बाहेर जात होता, पण पेट्या तो परत पाठवत होत्या. रस्ता बरोबर, पत्ता बरोबर, तरी परत. खिडकीबाहेर पाण्याचा आवाज बदलला होता, भिंतीला लाटा आपटत होत्या. साहेब दारात आले, बोर्डाकडे बघून गेले. मी पेटीने पाठवलेलं उत्तर पुन्हा वाचलं. हुकूम शिळा आहे, असं ती म्हणत होती.

शिळा? मी सर्व्हरची तारीख बघितली. सर्व्हरच्या मते आज कुठल्याशा जुन्या वर्षातला जानेवारी होता. आतला घड्याळाचा सेल कधीच संपलेला. वीज होती तोवर घड्याळ चाललं. वीज बंद केली तशी त्याची सगळी वर्षं पुसली गेली. पेट्यांना वाटत होतं कुणीतरी जुना हुकूम पुन्हा पाठवतंय, आणि त्या शहाण्या होत्या, घेत नव्हत्या.

मी तारीख घातली, वेळ घातली, बटण दाबलं.

बोर्डावरचा पहिला दिवा हिरवा झाला. मग दुसरा. मग एकामागोमाग सगळे. शेवटचा, बेटासमोरचा, थोडा रेंगाळला आणि तोही हिरवा झाला. लांबवर, डोंगराच्या कुशीतून पहिल्या गावाचा भोंगा ऐकू आला. मी आयुष्यात इतका गोड आवाज ऐकला नव्हता. मी ओरडलेच, “वाजला! मामा, वाजला!” आणि मागे वळले.

मामांनी सर्व्हरला हात जोडले होते. ओठ हलत होते. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांचे जोडलेले हात सुटले.

“ताई,” ते म्हणाले. “म्यां त्याला सांगितलंय.”

“काय सांगितलंय?”

“दुरुस्ती हाय म्हणून. आज भोंगा वाजला तरी हलू नको म्हणून. सकाळी. दोनदा सांगितलं. मेंढरं उठवू नको, उगं पाय मोडून घेतील, असं सांगितलं म्यां त्याला.”

साहेब दारातच होते. त्यांनीही ऐकलं. लांबचा भोंगा वाजतच होता.

“परत वाजवा,” मामा एकदम म्हणाले. “येगळा वाजवा. तोडून तोडून. त्याला कळंल. त्यो हुशार हाय.”

मी तोडून वाजवला. मग लांबलचक वाजवला. मग पुन्हा तोडून. आणि वाजवता वाजवता मला कळलं, असा वेडावाकडा भोंगा दुरुस्ती करणारी माणसंच वाजवतात. मी जेवढा जास्त वाजवीन तेवढी सिदूची खात्री पटत जाईल. पण न वाजवून तरी काय करणार होते?

“गडदे, तुम्ही जा,” साहेब म्हणाले. “मी बघतो दारांचं.”

मामा दोन पावलं गेले. मग थांबले.

“तीन नंबरचं गेट अडकतं साहेब. हातानं धक्का द्यावा लागतो, कुठं द्यायचा ते तुमाला न्हाई म्हाईत. ते उघडलं न्हाई तर भिंत जाईल. मग सिदूबी जाईल अन् समदेच जातील.” त्यांनी खिशातून मोटरसायकलची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. “ताई, तुमी जा. काठाचा रस्ता सोडू नका.”

किल्ली गरम होती. मी भोंगा चालूच ठेवून निघाले.

मोटरसायकल मला माझ्या भावाने शिकवली होती, डांबरी रस्त्यावर. हा रस्ता म्हणजे नुसता चिखल. दोनदा घसरले. पहिल्या गावात दारादारांत माणसं झेंडूची तोरणं बांधत होती. डोक्यावर भोंगा कोकलत होता आणि कुणी ढिम्म हलत नव्हतं.

“पाणी सुटतंय! धरणाचं पाणी सुटतंय!” मी ओरडले.

ओट्यावरच्या एका म्हाताऱ्याने कपाळावर हात धरून माझ्याकडे बघितलं. “टेस्टिंग हाय ना बाई?”

“नाही! खरं आहे!”

तो उठून उभा राहिला. पुढचं मी बघितलं नाही. साहेब खरंच शक्य तेवढे थांबले होते, हे मला नंतर कळलं. पाणी भिंतीच्या माथ्याला टेकेपर्यंत थांबले. पण कुरणवाडीची टेकडी चढताना मला मागून एक घरघर ऐकू आली आणि रस्त्याकडेची नदी बघता बघता फुगत माझ्या पुढे निघून गेली.

टेकडी उतरले तेव्हा बेट नव्हतं. मातकट पाणी या काठापासून त्या काठापर्यंत, आणि मधोमध बाभळींचे शेंडे. एका शेंड्याला काहीतरी पांढरं अडकलं होतं. मेंढरू होतं.

काठावर एक जुनी विहीर होती आणि तिच्याजवळ भोंग्याचा खांब. गाव टेकडीच्या पलीकडे, तिथला आवाज इथवर पोचत नाही म्हणून बेटासमोर हा एक भोंगा वेगळा बसवलेला. तो अजून वाजत होता. खांबाखाली एक बाई उभी होती, कमरेवर भरलेली घागर. घागर खाली ठेवायचंही तिला सुचलं नव्हतं.

मी मोटरसायकल टाकून तिच्याजवळ गेले. “सिदू?”

तिने पाण्याकडे बघितलं.

मी तिच्या कमरेवरची घागर उतरवली. ती धुरपा, सिदूची बायको. तेवढ्यात भोंगा थांबला, आणि मग ती बोलायला लागली. रडली नाही. कुणी विचारल्यासारखं सगळं क्रमाने सांगत गेली.

“पयल्यांदा वाजला तवा म्यां म्हणलं, चला वर. तर हासले. म्हणले, दादाची मशीन हाय, दुरुस्त करायलेत. मग तोडून तोडून वाजला. तवा म्हणले, दादाला जमंना झालंय वाटतं. मग म्यां पाण्याला वर आले. अन् मग लई येळ वाजला, थांबायचं नाव न्हाई. त्यांनी तिथून माज्याकडं बघून हात केला.” ती थांबली. “टाळ्या वाजिवल्या बाई त्यांनी. दादाची मशीन सुदरली म्हणून टाळ्या वाजिवल्या.”

“आणि पाणी?”

“पाणी आलं तवा पळता आलं असतं एकट्याला. मेंढरं सोडून आले न्हाईत.”

मी खाली बसले. माझ्या मनात सिदू नव्हता, खोटं कशाला बोलू? सिदूला मी कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या मनात तीन नंबरच्या गेटाला खांदा लावून उभे असलेले गडदेमामा होते. दारं मोकळी झाली की ते निघतील. इथे येतील. आणि पहिला प्रश्न विचारतील, भोंगा वाजला का. हो म्हटलं की संपलं. मग त्या माणसाला उरलेला सगळा जन्म त्याच्याच तोंडचं एक वाक्य ऐकत काढावं लागेल. ज्याला लहानाचा मोठा केला, त्याला आपणच सांगून बसवलं.

पिशवीतून मी पेचकस काढला. खांबावर हाताच्या उंचीला भोंग्याची पेटी होती. झाकण उघडलं. आतून एक लाल वायर वर भोंग्याकडे गेली होती. तिचा स्क्रू सैल केला, वायर ओढून बाहेर काढली आणि लोंबती सोडली. सकाळपासून जे जोडायला धडपडत होते, ते एका क्षणात तोडून झालं.

धुरपा बघत होती. “काय करता?”

“मामा येतील,” मी म्हणाले. “विचारतील, वाजला का म्हणून.”

तिने माझ्याकडे बघितलं, त्या लोंबत्या वायरकडे बघितलं. पदर डोक्यावरून पुढे ओढून खांबाशी बसली.

दिवस कलायला लागला तेव्हा पोलिसांची जीप आली. मामा ती थांबायच्या आधीच उतरले. फेटा कुठेतरी पडला होता, खांद्यावरचा सदरा फाटून रक्त आलेलं. त्यांनी पाणी बघितलं. बाभळीचे शेंडे बघितले. मग थेट माझ्याकडे आले.

“ताई. हितं वाजला का?”

“नाही मामा.”

“दिवा तर हिरवा झालता. म्यां बघितला.”

“दिवा पेटीचा असतो. पेटीला हुकूम पोचला. पुढे भोंग्याची वायर सुटली होती.” मी झाकण उघडून दाखवलं. “बघा. इथला भोंगा वाजलाच नाही.”

त्यांनी वायर हातात धरली. अंगठ्याने तिचं टोक चाचपलं. मग धुरपाकडे वळले. ती त्यांच्यासमोर कधी बोलत नसावी. तोंड पदराआड होतं, आवाज तेवढा आला.

“न्हाई वाजला, भावजी. वाजला असता तर ते तिथं थांबले असते व्हय?”

मामा मटकन खाली बसले. त्यांच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी इथे लिहू शकत नाही. पोलीस टोप्या काढून बाजूला उभे राहिले.

सिदू दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, बराच खाली सापडला. पुढे चौकशी झाली. मी तेच सांगितलं, वायर सुटली होती आणि मी जाऊन ती तपासली नव्हती. सकाळच्या फोनचा विषय निघालाच नाही, कारण न वाजलेल्या भोंग्याबद्दल कुणी काय सांगून ठेवलं होतं याने काय फरक पडतो? डोईफोडे साहेबांनी मला जिन्यात गाठून एकदाच विचारलं, “खरंच सुटली होती?” मी हो म्हणाले. त्यांनी खिशातली लवंग काढली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खिशात ठेवली. माझी नोकरी गेली. आता शहरात दुकानांतून कॅमेरे बसवते. नोकरीचं मला कधी फारसं वाटलं नाही, आणि धुरपाने आजवर तोंड उघडलेलं नाही.

पण त्या संध्याकाळी, कुरणवाडीची माणसं दोर आणि कंदील घेऊन टेकडी उतरत होती तेव्हा मामा उठले. मी त्यांची किल्ली परत द्यायला पुढे झाले. त्यांनी ती घेतली. सकाळपासून जो माणूस मला ताई म्हणत होता, त्याने अनोळखी माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

“मग दिवसभर काय दुरुस्त केलं तुमी, बाई?”